चार झटके, पाच मिनिटं

लिंबाजीनानांना कुणाच्या घरी जायचं असलं, तर ते पहाटे साडेपाचला जातात. मग लग्नाचं बोलणं असो, आजाऱ्याची विचारपूस असो, नाहीतर नुसतंच "आल्तो असंच" असो. दार वाजतं, घरातला माणूस डोळे चोळत, लुंगी सावरत दार उघडतो आणि समोर नाना उभे. अंगात खाकी शर्ट, कानावरून मफलर, हात पाठीमागे बांधलेले. नमस्कार-चमत्काराच्या भानगडीत ते पडत नाहीत. समोरच्याच्या तोंडाकडे दहा-पंधरा सेकंद नुसते बघतात आणि मग म्हणतात, "हं. बरं हाय का?" तेवढ्यात त्या माणसाचा निकाल लागलेला असतो आणि तो नानांच्या डोक्यात कायमचा नोंदला जातो.

ह्यामागे नानांचं शास्त्र आहे. चाळीस वर्षं त्यांनी कुंभार पिंपळगावात इंजिनं दुरुस्त केली. ऑइल इंजिन, फवारणीचे पंप, मोपेड, पिठाची गिरणी, जे दोरीनं ओढून किंवा लाथ मारून चालू होतं ते सगळं. त्या चाळीस वर्षांतून त्यांनी एकच निष्कर्ष काढलाय.

"गरम इंजिन खोटं बोलतंय, भाऊसाहेब. एकदा तापलं का कसं बी चालू व्हतंय. त्याचा रोग झाकून जातोय. खरं काय ते थंडं इंजिन सांगतंय. मानसाचं बी बराबर तसंच हाय."

बहिणीच्या मुलीसाठी अंबडकडचं एक स्थळ आलं होतं. दुपारी बघण्याचा कार्यक्रम झाला, पोहे झाले, मुलगा सगळ्यांना आवडला. नाना म्हणाले, "दुपारी समदेच चांगले असतेत." दुसऱ्या दिवशी काळोखात मोपेड काढून ते एकटेच मुलाच्या गावी जाऊन थडकले. नवरदेव बनियनवर, चुलीवरून आंघोळीच्या पाण्याची बादली उतरवत होता. अंधारात त्याला कोण आलंय ते दिसलंही नाही. तो एवढंच म्हणाला, "लई गारठा हाय, आधी हात-पाय धुऊन घ्या," आणि आपल्या आंघोळीची बादली नानांच्या पुढ्यात ठेवली. नाना आत गेलेच नाहीत. परत येऊन बहिणीला म्हणाले, "पह्यल्या झटक्यात चालू हाय पोरगं. बिलकुल इचार करू नको." त्या भाचीचा संसार आज सुखाचा चाललाय.

माझीही परीक्षा झाली होती. मी ह्या तालुक्यात नवीन बदलून आलो तेव्हा नानांनी माझ्या भाड्याच्या खोलीचं दार असंच पहाटे वाजवलं. मी दार उघडलं, म्हणालो, "ऑफिस दहाला उघडतं," आणि दार लावून घेतलं. पुढे वर्षभर माझा विषय निघाला की नाना लोकांना सांगायचे, "मानूस वाईट न्हाई, पर अर्ध्या चोकवर हाय."

चोक म्हणजे काय हे तेव्हा मला माहीत नव्हतं. मी मूळचा बदनापूरचा, नोकरीनं कारकून. इंजिन म्हटलं की मला रेल्वेचं आठवायचं. पण सरकारी कामात ज्याला जे येत नाही तेच त्याच्याकडे येतं, तसं माझ्या टेबलाला आपत्ती व्यवस्थापनाचं साहित्य आलं. आमच्या तालुक्याची खालची कड गोदावरीला लागते. पावसाळ्यात नदी फुगली की काठच्या वस्त्या पाण्यात जातात. त्यासाठी कार्यालयाला एक लाल रबरी नाव मिळाली होती आणि तिच्या मागं अडकवायचं एक मोटर इंजिन. मला पोहता येत नाही. नावेचा ताबा माझ्याकडे, ह्या गोष्टीवर आमचा शिपाई गणपत आठवडाभर हसत होता.

इंजिन कुणालाच चालू करता येईना. गणपतनं दोरी ओढली, ड्रायव्हरनं ओढली, दाढी वाढवून तालमीत जाणाऱ्या एका तलाठ्यानं ओढली आणि त्याच्या खांद्यात लचक भरली. शेवटी कुणीतरी म्हणालं, नानांना बोलवा. तोवर नानांनी दुकान कायमचं बंद केलं होतं. ते आले, इंजिनाभोवती एक फेरी मारली आणि हात न लावता मला म्हणाले, "शेवटी कवा चाललं व्हतं?"

मी म्हणालो, "माहीत नाही."

"बंद कोनी केलं?"

"माहीत नाही."

"पेट्रोल कवाचं हाय?"

"आलं तेव्हाचं असेल."

"म्हंजे तुमी त्याला काहीच इचारलं न्हाई, आन् समदे मिळून वढून राह्यले." त्यांनी मान हलवली. "आधी इचारा, मंग वढा."

ही नानांची पद्धत. दुकानात असताना ते धापा टाकत आलेल्या गिऱ्हाइकाचं इंजिन बघायचेच नाहीत. एकजण फवारणीचा पंप पाठीवर घेऊन आला, घामानं भिजलेला. नानांनी विचारलं, "किती वढले?" तो म्हणाला, "पन्नास तरी." नानांनी त्याला बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि पंप आपल्या पायाशी ठेवून दोघं गप्प बसले. बराच वेळ गेल्यावर नानांनी उठून एकदाच दोरी ओढली आणि पंप चालू झाला. गिऱ्हाईक चक्रावलं. नाना म्हणाले, "पन्नास येळा पेट्रोल पाजलं तू त्याला. नाकातोंडात गेलं त्याच्या. त्याला बी राग आल्ता, तुला बी आल्ता. दोघांनी बी जरा बसायचं व्हतं."

त्यातून नानांचा नियम तयार झाला. चार झटके ओढायचे. झालं तर झालं. नाही झालं तर पाच मिनिटं बसायचं, इंजिनाकडे बघायचं नाही, त्याच्याबद्दल बोलायचंही नाही. पाच मिनिटांनी पुन्हा चार. हा नियम त्यांनी कुणासाठी मोडल्याचं मला माहीत नाही.

आमचं इंजिनही त्यांनी नवं पेट्रोल भरून ह्याच नियमानं चालू केलं आणि तेव्हापासून नाना आमचे झाले. कुठलाही हुकूम नाही, नेमणूक नाही. रजिस्टरमध्ये मी त्यांचं पद 'स्थानिक जाणकार' असं लिहिलं, ते त्यांना फार आवडलं. मोपेडवरून ते रोज सकाळी सहाला यायचे. कार्यालयाच्या मागच्या अंगणात पाण्यानं भरलेला एक ड्रम आणि लाकडी घोडा होता. घोड्यावर इंजिन चढवायचं, त्याचा पंखा पाण्यात बुडवायचा, पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा हातानं घट्ट होईतोवर दाबायचा, चोक ओढायचा आणि झटका. मिनिटभर चालवून बंद. माहितीपुस्तकात लिहिलं होतं, पंधरा दिवसांतून एकदा चालवा. मी ते नानांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "ज्यानं लिव्हलंय त्याच्या घरी कोनी रोज उठवत नसंल त्याला." पेट्रोल ते मोपेडमधून काढून आणायचे.

आता माझ्या मूर्खपणाकडे येतो.

मागच्या हिवाळ्यात नाना आठ दिवस पुण्याला गेले. मुलीकडे, जुळ्या नातवंडांच्या जावळासाठी. नेमकं त्याच आठवड्यात जालन्याहून पत्र आलं की साहित्याची तपासणी होणार आहे, जिल्ह्याच्या नव्या अधिकारी मॅडम स्वतः येणार आहेत. तपासणी म्हटली की आमच्याकडे आधी रंगाचा डबा येतो. झाडांच्या बुडख्यांना गेरू-चुना, कुंड्यांना गेरू, कपाटांना राखाडी. मी ह्यावेळी उत्साहात येऊन ड्रम, लाकडी घोडा, वल्ही सगळंच लाल ऑइलपेंटनं रंगवून घेतलं आणि पेंटरला म्हणालो, "इंजिनावरही एक हात मार." वर पांढऱ्या अक्षरांत 'आपत्ती क्र. १' असं लिहून घेतलं. ते इतकं देखणं दिसायला लागलं की मी त्याच्याबरोबर फोटो काढला.

तपासणीच्या दिवशी सकाळी नाना रात्रीच्या बसनं उतरून थेट अंगणात आले. इंजिन बघितलं. पिशवी खाली ठेवली. मफलर काढून त्याची घडी घातली. हे लक्षण चांगलं नव्हतं.

गणपत माझ्या कानाशी लागला, "साहेब, मागच्या वारी केल्तं तसं करू. मॅडम यायच्या आधी गरम पाणी वतून तापवून ठिवू." मागच्या वर्षी आम्ही खरंच तसं केलं होतं. तेव्हाचे साहेब आले, त्यांनी स्वतः दोरी ओढली, पहिल्याच झटक्याला इंजिन सुरू झालं आणि त्यांना वाटलं आपल्या हातात जादू आहे. नानांना हे नंतर कळलं तेव्हा ते महिनाभर गणपतशी बोलले नव्हते. "पूर काय इंजिन तापवून येतोय का रे?" एवढंच म्हणाले होते. त्यामुळे ह्यावेळी कुणाची छाती झाली नाही.

मॅडम आल्या. नानांनी पहिला झटका दिला. दुसरा. तिसरा. चौथा. इंजिन ढिम्म. नाना मागे सरकले आणि खाली बसले.

मॅडम म्हणाल्या, "पुढे?"

"आता पाच मिन्टं बसायचं, मॅडम. तुमी बी बसा."

मॅडमना अशी सूचना नोकरीत कुणी केली नसावी. पण नानांच्या चेहऱ्यात काहीतरी असं असतं की माणूस ऐकतो. त्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या. आम्ही सगळे पाच मिनिटं उभे. मग चार झटके. पुन्हा पाच मिनिटं. मग चार. बारा झटक्यांनंतर मॅडम उठल्या. वहीत शेरा लिहिला की महिनाभरात दुरुस्ती करावी, फेरतपासणीत इंजिन चालू न झाल्यास ते जिल्ह्याच्या भांडारात जमा करावं आणि इथे बटणावर सुरू होणाऱ्या नव्या इंजिनाची मागणी करावी. माझ्याकडून लेखी खुलासा मागितला तो वेगळाच.

मला वाटलं, चला, सुटलो. बटणाचं इंजिन म्हणजे कटकट नाही. पण नानांकडे बघितलं तर ते शेऱ्याकडे असे बघत होते की जणू त्यांच्याच बदलीचा कागद निघालाय.

मॅडम गाडीत बसत होत्या तेव्हा नाना पुढे गेले. "मॅडम, एक इनंती हाय. फिरून याल तवा सकाळी सातला या. थंडं असताना. त्याच्या आदी कोनी हात लावनार न्हाई, ही माझी जिम्मेदारी."

मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं. "सातला?" त्या म्हणाल्या. "ठीक आहे. येते."

दुसऱ्या दिवसापासून नानांनी इंजिनाची उलटतपासणी सुरू केली. ऑफिस उघडलं की मी रोज शेजारी जाऊन बसायचो, अपराधी माणूस दुसरं काय करणार. त्यांनी आधी जुनं पेट्रोल ओतून नवं भरलं. चार झटके, काही नाही. प्लग काढून नाकाशी धरला. "कोरडा हाय. वासबी न्हाई. म्हंजे पेट्रोल आत पोचंना." प्लग इंजिनाच्या अंगाला टेकवून दोरी ओढायला लावली, निळी ठिणगी पडली. "आग हाय." रबरी फुगा दाबला, घट्ट झाला. "इथपत्तुर पेट्रोल येऊन राह्यलं." मग उरलं काय? त्यांनी वरचं झाकण काढलं आणि त्यांच्या तोंडातून एक मोठा उसासा निघाला.

आतसुद्धा सगळं लाल होतं. माझा पेंटर इमानदार निघाला होता. त्यानं झाकण उघडून आतही हात मारला होता.

"भाऊसाहेब, ह्ये बघा." नानांनी बॅटरीचा उजेड पाडला. गार इंजिनाला सुरुवातीला हवा कमी आणि पेट्रोल जास्त लागतं. त्यासाठी हवेच्या तोंडावर एक लहानशी झडप असते, बटण ओढलं की ती मिटते. तोच चोक. आता बटण बाहेर येत होतं, पण झडपेच्या खिळीवर रंगाचा थेंब वाळून बसला होता, त्यामुळे झडप निम्म्यावर अडकत होती. "हवा लई, पेट्रोल कमी. थंडीत कसं उठंल ते? तापवलं असतं तर पह्यल्या झटक्यात चाललं असतं, आन् पुरात आपली फजिती झाल्यावर कळलं असतं."

मी म्हणालो, "नाना, चूक माझी आहे."

"व्हय," ते म्हणाले आणि कामाला लागले. मला वाटलं होतं ते 'जाऊ द्या' म्हणतील. पण नाना जे खरं आहे ते खोडत नाहीत.

थिनर, जुना टूथब्रश आणि शिवणाची सुई घेऊन त्यांनी चार दिवसांत रंग काढला. पण त्या भानगडीत झडपेची बारीक स्प्रिंग ढिली पडली. तसली नवीन स्प्रिंग जालन्यात दहा दुकानं हिंडूनही मिळाली नाही. मग नानांची नजर माझ्या टेबलावरच्या पेनवर गेली. पुढचा आठवडाभर आमच्या कार्यालयात एकही पेन टकटक वाजलं नाही, कारण सगळ्यांच्या स्प्रिंगा नानांच्या डबीत होत्या. अव्वल कारकुनांना सही करताना रिफील हातात धरावी लागे. शेवटी त्या पेनांपैकी एकाची स्प्रिंग बसली, तीही पूर्ण भरवशाची नाही. एखाद्या सकाळी इंजिन दोन झटक्यांत व्हायचं, एखाद्या सकाळी सातव्याला. नाना वहीत रोजचा आकडा लिहायचे आणि आकडा मोठा आला की त्या दिवशी चहा घ्यायचे नाहीत.

फेरतपासणीचा दिवस आला. आदल्या रात्री मला नीट झोप लागली नव्हती. कडाक्याची थंडी पडली होती. सातवा झटका आला तर? मध्ये पाच मिनिटं बसावं लागेल, मॅडम ह्यावेळी बसतील का? इंजिन गेलं तर माझं काहीच जात नव्हतं. पण नानांचं तोंड माझ्या डोळ्यांपुढून हलेना. शेवटी मी ठरवलं की एवढ्या एका दिवसापुरता नानांना न सांगता अधर्म करायचा. पहाटे चौकातल्या हॉटेलातून उकळत्या पाण्याची कॅन भरून घेतली आणि मागच्या फाटकानं अंगणात शिरलो.

ड्रमजवळ नाना उभे होते. त्यांच्या हातात वाफाळणारी किटली होती.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. मग मी त्यांच्या किटलीकडे बघितलं आणि त्यांनी माझ्या कॅनकडे. नानांच्या तोंडावर चोरी पकडली गेल्यासारखे भाव मी आयुष्यात पहिल्यांदाच बघत होतो.

"वतलं न्हाई अजून," ते हळूच म्हणाले. "धा मिन्टं झाले हुबा हाय. हात व्हईना."

"नाना, तुम्ही?" माझ्या तोंडून निघून गेलं.

ते ड्रमच्या कडेला टेकले. किटली खाली ठेवली.

"आमच्या घरची मंडळी पुन्याला हाय, तुमाला ठावं हाय. सहा महिन्यासाठी गेल्ती लेकरं सांभाळायला. दोन वर्सं झाले. पोरगी नोकरीला जाती, दोन लेकरं, तिला कोन हाय दुसरं? म्या काही म्हनत न्हाई. रोज सकाळी सहाला फोन करतो." त्यांनी खिशातून फोन काढला, बटणं झिजलेला डबडा फोन, ज्याचा स्पीकर कायम चालूच असतो. "पर भाऊसाहेब, बोलावं काय? बेचाळीस वर्सं एका घरात व्हतो, बोलायचं कधी कामच पडलं न्हाई. ती चुलीम्होरं, मी दुकानात. आता फोनवर ती म्हन्ती, बरं हाय का. मी म्हनतो, बरं हाय. झालं. दोघं बी फोन धरून गप. मंग एक दिस हितं इंजिन वढताना फोन लावला. तिनं झटके मोजले. म्हनली, आज तीन लागले. मी म्हनलो, काल दोन लागल्ते. ती म्हन्ली, कामून? मंग ते सांगन्यात धा मिन्टं गेले." ते थोडे हसले. "तवापासून रोज वढतो. तिला इंजिनातलं काय बी कळत न्हाई, पर मोजती बराबर. बटनाचं आलं तर ती काय मोजंल?"

रोजच्या झटक्यांना मी आजवर म्हाताऱ्याचा छंद समजत होतो. मी म्हणालो, "नाना, ओता. मी कुणाला सांगणार नाही."

नानांनी इंजिनाकडे बघितलं. मग मान हलवली.

"न्हाई. उद्या पूर आला आन् ह्ये उठलं न्हाई, तर तिकडं झाडावर बसलेल्या मानसाला मी काय सांगू? का माझ्या बायकोला फोन करायचा व्हता म्हनून?" त्यांनी माझ्या हातातली कॅन घेतली. "तोंड धुवा. झोपला न्हाईत तुमी. डोळे लाल हायेत."

त्या पाण्यात गार पाणी मिसळून आम्ही दोघांनी तोंड धुतलं, पाय धुतले. उरलेलं नानांनी फाटकाबाहेर नालीत ओतलं. इंजिनाच्या अंगावर दव साचलं होतं, तेही त्यांनी पुसलं नाही.

"आज सातला फोन लावतो म्हनून सांगितलंय तिला," ते म्हणाले. "खिशात ठिवतो. इंजिन चालू व्हईस्तोवर ती काय बोलत न्हाई."

बरोबर सातला मॅडम आल्या, शाल गुंडाळून. त्यांनी आधी हाताचा तळवा इंजिनावर ठेवला, दवानं ओला झाला तसा शालीला पुसला आणि नानांकडे बघून मान हलवली. गणपत खुर्ची घेऊन आला. ह्यावेळी त्या न सांगता बसल्या.

नानांनी खिशाशी काहीतरी खाटखूट केलं. रबरी फुगा दाबला. चोक ओढला. पहिला झटका, नुसता खर्र आवाज. दुसरा झटका, तेच. तिसऱ्याला दोरी अर्धीच आली, नानांचा हात मध्येच ढिला पडला. त्यांनी दोरी सोडली, श्वास घेतला. मी हात जोडले होते हे मला नंतर गणपतनं सांगितलं. चौथा झटका.

इंजिन एकदा खोकलं, निळा धूर सोडला आणि चालू झालं. ड्रममधलं पाणी उसळून आमच्या पायांवर आलं. गणपतनं टाळी वाजवली, तलाठी हसला, मॅडमनी मोठ्यानं "वा!" म्हटलं. नानांनी हळूहळू चोक आत सारला, आवाज एकसारखा झाल्यावर मिनिटभर चालू दिलं आणि बंद केलं. मॅडमनी वही मागितली आणि उभ्या उभ्याच शेरा लिहायला लागल्या. इंजिन इथेच राहील.

अंगण शांत झालं आणि त्या शांततेत नानांच्या खिशातून एका बाईचा आवाज आला, खणखणीत.

"चौथ्याला झालं."

मॅडमचं पेन थांबलं. सगळे नानांच्या खिशाकडे बघायला लागले. नानांना फोन बंद करायचं सुचेना. गडबडीत त्यांनी खिशावर हात ठेवला, पण आवाज थांबला नाही.

"आवं, तिसरा झटका लई हलका व्हता. निम्म्यातच सुटला. रातच्याला जेवले न्हाईत ना तुमी?"

नाना खाली मान घालून उभे होते. सगळ्या कार्यालयासमोर, मॅडमसमोर. बोटानं ते शर्टाचं बटण चाचपत होते.

"व्हय," ते म्हणाले. "तसाच निजलो."

"परवा बी तसंच केल्तं. सहा झटके लागले तवाच वळखलं व्हतं म्या. जावा, आदी जेवा जल्दी. इंजिनाचं काय हाय, ते व्हतंय चालू."